भामाचा पत्ता

हैदराबादच्या जामबागेतल्या शाळेचा मराठी विभाग बंद झाला, त्या वर्षी शेवटच्या वर्गात तीन मुलं होती आणि त्यांतली दोन सख्खी भावंडं. त्रिवेणीबाई बिरादारांनी त्या तिघांना शेवटचा धडा शिकवला, फळा पुसला आणि हजेरीपुस्तक हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. नोकरी गेली नाही. रिटायर व्हायला थोडी वर्षं होती, म्हणून शाळेनं त्यांच्या हाती रेकॉर्डरूमची किल्ली दिली. जुने दाखले शोधून द्यायचे, वह्यांना वाळवी लागू द्यायची नाही, एवढंच काम. आठवड्यातून दोन माणसं यायची. एखाद्या आठवड्यात कुणीच नाही.

घर शाळेपासून चालत सात मिनिटांवर. दोन खोल्या. आई, चतुराबाई, तीसेक वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिचं करता करता त्रिवेणीबाईंचं लग्नाचं वय गेलं आणि मग तो विषयच घरात निघेनासा झाला. आई गेली त्याला आता दोन वर्षं होत आली होती. धाकटा भाऊ शिवराज पुण्याला. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, साताठ मिनिटांचा.

विद्यापीठाची जाहिरात त्यांनी शाळेच्या नोटीसबोर्डावर पाहिली. सहा महिन्यांचे दोन सर्टिफिकेट कोर्स, शनिवार-रविवार. एक कॉम्प्युटरवर नकाशे बनवण्याचा, दुसरा संग्रहालयाच्या कामाचा. त्यांनी दुसऱ्याचा फॉर्म भरला.

"ह्या वयात म्युझियम?" शिवराज फोनवर हसला. "करणार काय त्याचं?"

"काही नाही रे. शनिवार-रविवार फार मोठे असतात," त्या म्हणाल्या.

वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या. पण काम त्यांना आवडलं. जुना कागद कसा उचलायचा, मऊ ब्रशनं धूळ कुठून कुठं झाडायची, वस्तू आली की तिला दाखल क्रमांक कसा द्यायचा, तिची माहिती पन्नास शब्दांच्या पाटीत कशी बसवायची. शिकवणाऱ्या माधवी मॅडम सांगायच्या, "पाटीवर आपलं मत लिहायचं नाही. वस्तू काय आहे, कुठून आली, कुणाची होती. बस."

तिसऱ्या महिन्यात मॅडमनी दोन्ही कोर्सच्या लोकांच्या जोड्या लावल्या. संग्रहालयवाल्यानं एखादी जुनी वस्तू निवडायची, नकाशावाल्यानं तिच्यावरून नकाशा करायचा, आणि शेवटी सगळ्यांचं मिळून प्रदर्शन. त्रिवेणीबाईंनी शाळेची परवानगी काढून दाखल्यांची जुनी रजिस्टरं आणली. जाडजूड पाच वह्या, १९५२ पासून विभाग बंद होईपर्यंतच्या. प्रत्येक मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, घरचा पत्ता, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण.

त्यांची जोडी लागली ती अश्विनीशी. एकतीस-बत्तीस वर्षांची, एका खासगी कंपनीत नोकरी करणारी, घरी चार वर्षांची मुलगी. आजोबा उदगीरकडून आलेले, घरात मराठी, पण शाळा सगळी इंग्रजीत झालेली. जोडाक्षर आलं की ती अडखळायची.

"मावशी, तुम्ही वाचा, मी टाकते," तिनं दुसऱ्याच आठवड्यात ठरवून टाकलं. "तुमचं हे गिचमिड अक्षर माझ्याच्यानं नाही होत, क्या की."

मग दर शनिवारी त्रिवेणीबाई पत्ते वाचायच्या आणि अश्विनी स्क्रीनवर टिंब टाकायची. हैदराबादचे घरनंबर, पाच-चार-अमुक, पाच-आठ-तमुक. कित्येक गल्ल्यांची नावं कॉम्प्युटरला ठाऊकच नव्हती. तिथं त्रिवेणीबाई सांगायच्या, "ती बघ, त्या इराणी हॉटेलाच्या मागची बोळ." हळूहळू नकाशा भरत गेला. साठ सालच्या नकाशात जामबाग, कोठी, आबिड्स, नामपल्ली टिंबांनी गच्च होतं. अश्विनी दहादहा वर्षांनी पुढं सरकवायची आणि टिंबं विरळ होत जायची. शेवटच्या नकाशात दोनच उरली. भावंडांचं घर एक, म्हणून दोन.

"डेंजर आहे हे, मावशी," अश्विनी म्हणाली. "ह्यात तुम्ही कुठं आहात?"

त्याही याच शाळेत शिकलेल्या; त्यांनी आपलं टिंब दाखवलं. अजूनही त्याच घरात राहतात म्हटल्यावर अश्विनीला फार गंमत वाटली.

दुपारी दोघी लॅबबाहेरच्या पायरीवर डबा खायच्या. अश्विनी कधी बगारा खाना, म्हणजे फोडणीचा मसालेभात आणायची, कधी सासूनं केलेली गोंगुऱ्याची, अंबाडीच्या पाल्याची चटणी, आणि न विचारता यांच्या डब्यात वाढायची. त्रिवेणीबाई खाली मान घालून खायच्या. इतक्या वर्षांत त्यांच्यासोबत बसून कुणी जेवलं नव्हतं. शनिवारची त्या बुधवारपासून वाट बघायला लागल्या होत्या.

एका शनिवारी तिसरी वही उघडली. त्रिवेणीबाई वाचत होत्या आणि एका ओळीपाशी थांबल्या. भामा शंकरराव सोनकांबळे. जात बौद्ध. पत्ता जामबागेतला. शाळा सोडली नोव्हेंबर १९७९, इयत्ता सातवी. कारणाचा रकाना कोरा.

"काय झालं?" अश्विनीनं विचारलं.

"अक्षर लागत नाहीये," त्या म्हणाल्या, आणि मग पत्ता वाचून दाखवला.

अक्षर स्वच्छ होतं. भामा त्यांच्या बाकावर बसायची. सहावीचं पूर्ण वर्ष दोघी एकत्र डबा खायच्या. भामाच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि लसणाची लालभडक चटणी असायची, आणि त्रिवेणीला ती इतकी आवडायची की सातवीत एकदा तिनं घरी आईला तशीच करायला सांगितली. कुणाकडची, म्हणून आईनं विचारलं. त्रिवेणीनं आडनावासकट सांगितलं. आईनं तिचा डबा चिंचेनं घासून, पुन्हा राखेनं घासून उन्हात ठेवला. "ह्याच्यापुढं तिच्यातलं खायचं नाही, आन् आपल्या डब्याला तिचा हात लागू द्यायचा नाही," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्रिवेणी आपला डबा उचलून दुसऱ्या बाकावर गेली. भामानं विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा सगळ्या वर्गादेखत, बारा वर्षांच्या पोरीच्या मोठ्या आवाजात तिनं सांगितलं, "आई म्हणाली तुझ्याकडचं खायचं नाही." मग बाकीच्या मुलीही सरकल्या. सहामाहीनंतर दिवाळीची सुट्टी लागली आणि सुट्टीनंतर भामा शाळेत आलीच नाही.

तेव्हापासून त्रिवेणीबाईंच्या मनात एक गोष्ट पक्की बसलेली होती, की तिची शाळा आपण तोडली. शिक्षिका झाल्यावर दरवर्षी पहिल्या दिवशी त्या मुलांना एकत्र डबा खायला बसवायच्या. कारण कधी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

नकाशाच्या कामात पाच पत्त्यांची जागेवर जाऊन खातरजमा करायची होती. त्रिवेणीबाईंनी यादीत भामाचा पत्ता घातला. अश्विनीनं नाव वाचलं, अक्षर अक्षर जोडत, आणि म्हणाली, "सोनकांबळे? थांबा, मम्मीला विचारते. विहारातल्या सगळ्या बायका तिच्या ओळखीच्या."

दोन दिवसांत उत्तर आलं. भामा सोनकांबळे, आता भामा वाघमारे, पोस्टातून मुदतीआधीच रिटायर झालेल्या, आबिड्सच्या मागं एका बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहतात.

"मी पण येऊ का तुमच्यासोबत?" अश्विनीनं विचारलं.

"नको. मी जाऊन येते," त्रिवेणीबाई जरा घाईनंच म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी चार वाजता त्या गेल्या. दार उघडलं ते एका ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, केस आखूड कापलेल्या बाईनं. ओळखू येण्यासारखं काही नव्हतं. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, टेबलावर औषधांचा डबा, शब्दकोडं अर्धवट भरलेलं वर्तमानपत्र.

त्रिवेणीबाईंनी विद्यापीठाचं पत्र दाखवलं, रजिस्टरबद्दल सांगितलं, फोनवर नकाशा दाखवला. भामाबाईंनी चष्मा वर करून तो नीट पाहिला.

"हे मी?" त्यांनी टिंबावर बोट ठेवलं. "हे चूक आहे."

"रजिस्टरमध्ये हाच पत्ता आहे."

"असंल. आमचं घर तिथं नव्हतंच कधी. ते एका वकिलाचं घर. माझी आई, सरुबाई, तिथं भांडी घासायची. माझे वडील रेल्वेत गँगमन. आम्ही नामपल्ली स्टेशनाच्या मागं, रुळांच्या पलीकडं राहायचो, पत्र्याच्या लायनीत. त्या वस्तीचा पत्ता सांगितला की नाकं मुरडायचे लोक. म्हणून आईनं वकिलाच्या बायकोला विचारून तिचा पत्ता लावला." त्या जरा हसल्या. "मी पस्तीस वर्षं पोस्टात सॉर्टिंग केलं बाई. चुकीचा पत्ता लगेच दिसतो मला."

त्रिवेणीबाईंनी वहीत लिहून घेतलं.

"शाळा का सोडली, ते लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

"वडिलांची बदली झाली. पूर्णेला. तिथंच मॅट्रिक झाले मी."

"बदली?"

"हौ. दिवाळीच्या सुट्टीत सामान हललं. का?"

त्रिवेणीबाईंनी वही मिटली. पंचेचाळीस वर्षं उराशी धरलेली गोष्ट अशी एका वाक्यात रिकामी झाली होती, आणि हलकं वाटायच्या ऐवजी त्यांना पायाखालची पायरी चुकल्यासारखं झालं. आता उठून जाता आलं असतं. पत्ता मिळाला होता, कारण मिळालं होतं.

"तुम्हाला त्या वर्गातलं कोण आठवतं?" त्यांनी विचारलं.

"गणिताचे मास्तर आठवतात. अन् ती खिडकी, चिंचेच्या झाडाकडची." भामाबाई थांबल्या. "एक पोरगी होती माझ्या बाकावर. आमच्या डब्यातली चटणी चाटूनपुसून खायची. मग एक दिवस उठून गेली, सगळ्यांसमोर बोलून. तिचं नाव काही ध्यानात नाही."

"त्रिवेणी," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "ती मी, भामा. मीच ती."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं, त्याची पिपाणी वाजत राहिली. भामाबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला.

"तुम्ही हे सांगायला आलात, का नकाशासाठी आलात?"

"दोन्हीसाठी. मला वाटत होतं तू माझ्यामुळं शाळा सोडलीस."

"तुमच्यामुळं?" भामाबाईंचा आवाज चढला नाही. "पूर्णेला शाळेत माझ्यासाठी पाण्याचा गिलास वेगळा होता. पोस्टात लागले तेव्हा एक बाई माझ्या टेबलावरचा चहा घ्यायची नाही, तीन वर्षं. तुमच्यासारख्या लई झाल्या. शाळा सोडायची असती तर कितीदा सोडावी लागली असती? कुणाकुणाचे चेहरे ध्यानात ठेवायचे?"

"मी माफी मागायला..."

"मागा की. मी ऐकलं." त्या उठल्या. "चहा टाकते. साखर चालती ना?"

चहा चांगला होता. दोघींनी तो समोरासमोर बसून प्यायला. त्रिवेणीबाई दोनतीनदा 'तू' म्हणून बोलल्या; भामाबाईंनी शेवटपर्यंत 'तुम्ही' सोडलं नाही. दाराशी आल्यावर त्रिवेणीबाईंनी विचारलं, प्रदर्शनात हे सगळं लिहू का, डब्याचं, पत्त्याचं. स्वतःचं नावही घालीन, म्हणाल्या.

भामाबाईंनी जरा विचार केला. "टिंब नीट जागी टाका. तेवढं करा. बाकीचं नको. तुमचं मन हलकं करायला माझं नाव नको."

पुढच्या शनिवारी अश्विनी लॅबमध्ये आली तेव्हा तिनं बॅग खुर्चीवर ठेवली, पण मशीन चालू केलं नाही.

"मम्मीला भामामावशी भेटल्या विहारात," ती म्हणाली. "सांगितलं त्यांनी."

"त्यांनी सांगितलं?"

"शिकायत नाही केली. सहज सांगितलं, की अशी अशी बाई आली होती." अश्विनी त्यांच्याकडं न बघता बोलत होती. "तीन महिने तुम्ही माझ्या डब्यातलं खाताय, मावशी. तेव्हा हे आठवत होतं तुम्हाला?"

"रोज."

"मग सांगायचं होतं ना."

"तू जेवायची थांबली असतीस माझ्यासोबत."

"ते मी ठरवलं असतं," अश्विनी म्हणाली.

वर्गातल्या पोरीला त्रिवेणीबाईंनी हेच शिकवलं असतं, की दुसऱ्याच्या वाटचं आपण ठरवून टाकू नये. अश्विनीनं काम केलं, चोख केलं. दुपारी मुलीला बरं नाही म्हणून लवकर घरी गेली. त्रिवेणीबाई पायरीवर एकट्या बसल्या. भाकरीचा एक घास मोडला आणि डबा बंद करून टाकला.

पुढचे दोन शनिवार अश्विनी आलीच नाही. ऑफिसचं काम वाढलंय, घरून करते, असा मेसेज आला, खाली हात जोडलेले. मेसेजमध्ये मावशी नव्हतं, मॅडम होतं. रजिस्टराचं उरलेलं वाचून त्रिवेणीबाई तिला आवाजी मेसेज पाठवायच्या, आणि ती टिंबं टाकून फाइल परत धाडायची. भामाचं टिंब मात्र त्यांनी तिला हलवायला सांगितलं नाही. ते कसं करायचं हे माधवी मॅडमकडून शिकून घेतलं.

एका सकाळी नामपल्ली स्टेशनाच्या मागं जाऊन त्या रुळांच्या पलीकडं उभ्या राहिल्या. पत्र्याची लाइन कधीच गेलेली. तिथं आता गोदाम होतं आणि त्याच्या भिंतीशी ऑटो लावलेल्या होत्या. एका म्हाताऱ्या ऑटोवाल्यानं विचारलं, "क्या ढूँढ रै, अम्मा?" त्यांनी रेल्वेवाल्यांच्या जुन्या झोपड्यांबद्दल विचारलं. तो त्यांना गोदामाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेला आणि म्हणाला, इथून तिथपर्यंत होत्या. तिथं उभं राहून त्यांनी फोनवर जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे घेतले. लॅबमध्ये आल्यावर ते एकेक करून भरले, दोनदा तपासले, आणि वकिलाच्या घरावरचं टिंब पुसून रुळांपलीकडं नवीन टाकलं. एवढ्या कामाला त्यांना पाऊण तास लागला. अश्विनीनं ते अर्ध्या मिनिटात केलं असतं.

पाटी लिहायला बसल्या तेव्हा खूप काही लिहून झालं. सगळं खोडलं. शेवटी उरलं ते असं: 'शाळेच्या दाखल्यांची रजिस्टरं, पाच खंड. १९५२पासून. काही पत्ते प्रत्यक्ष भेटीत दुरुस्त केले आहेत.' माधवी मॅडम वाचून म्हणाल्या, "छान. कमी आहे, पण छान."

प्रदर्शन दोन दिवस चाललं. अश्विनी उद्घाटनाला आली, मुलीला कडेवर घेऊन, फोटोपुरती त्रिवेणीबाईंच्या शेजारी उभी राहिली. "नकाशा चांगला झाला," म्हणाली. त्रिवेणीबाई म्हणाल्या, "तुझ्यामुळं." अश्विनीनं मान हलवली. मुलगी रडायला लागली तशी ती निघाली. जाता जाता वळली आणि म्हणाली, "मम्मी म्हणते, विहारात वर्षावासाचा कार्यक्रम आहे पुढच्या महिन्यात. यायचं तर या. मी असेन का नाही, माहीत नाही." एवढं बोलून ती गेली.

लोक नकाशासमोर थांबायचे, आपापल्या आजोबांची गल्ली शोधायचे. एका गृहस्थांनी रुळांपलीकडच्या त्या एकट्या टिंबावर बोट ठेवून विचारलं, "हे एवढं लांब कसं गेलं?"

"तिथं घर होतं," त्रिवेणीबाई म्हणाल्या.

"शाळेपर्यंत चालत यायची मुलं?"

"एक यायची."

ते पुढच्या टेबलाकडं गेले. भामाबाई आल्या नाहीत. त्रिवेणीबाईंनी त्यांना निमंत्रण पाठवलं होतं, नीट पत्ता घालून, पोस्टानं.

रविवारी शिवराजचा फोन आला. सर्टिफिकेट मिळालं का, त्यानं विचारलं. मिळालं, म्हणाल्या. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी सगळं सांगून टाकलं, चटणी, डबा, भामा, रुळांपलीकडची लाइन. पहिल्यांदाच.

"अगं, तेव्हा आईच तशी होती," तो म्हणाला. "तू पोरगी. आईनं सांगितलं ते केलंस."

"वर्गात आई नव्हती, शिवराज."

त्यानं विषय बदलला. मग म्हणाला, "ताई, तू इकडं येऊन राहा ना आता. तिथं एकटी काय करतेस?"

"बघू," त्या म्हणाल्या. तो मुलाच्या क्लासबद्दल काहीतरी सांगत राहिला आणि आठव्या मिनिटाला फोन ठेवला.

अकरा वाजले होते. कोर्स संपला होता आणि सबंध रविवार समोर पडला होता. त्रिवेणीबाईंनी ओट्यावर परात ओढली, ज्वारीचं पीठ घेतलं. एकटीला दोन भाकऱ्या पुरतात, पण त्यांनी चार भाकऱ्यांचं मळलं, आणि ते लक्षात आल्यावरही तसंच थापत राहिल्या.